फुले कोणी मागितली होती?

दरवर्षी मे महिना उजाडला की आमच्या कचेरीतल्या एका स्नेह्याच्या मोबाईलवर ती जुनी चित्रफीत हटकून वर येते. नौदलाचे हेलिकॉप्टर बांबोळीला गोमेकॉवर घिरट्या घालते आहे, त्यातून पाकळ्या सुटताहेत आणि खाली डॉक्टर, परिचारिका हात हलवताहेत. तारीख ३ मे २०२०, वार रविवार. स्नेही ती आम्हां सगळ्यांना पाठवतो आणि खाली लिहितो, "काय दिवस होते ते! सगळा देश एक झाला होता." यंदा मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी त्याला उलट विचारले, "त्या फुलांचे पुढे काय झाले रे?"

झाले! स्वारी भडकली. "तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. चांगल्याला चांगले म्हणायला तुम्हां लोकांची जीभ का रेटत नाही? तू सरकारी नोकर आहेस की विरोधी पक्षनेता?"

तोंडी भांडण मला कधीच जमलेले नाही. कला शाखेची पदवी घेऊन सरकारी कचेरीत टेबलाला चिकटलो त्याला वीस वर्षे होऊन गेली. ह्या वीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे टिपण लिहिणे. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, अभिप्राय. तेव्हा हे टिपणच समजा. फक्त ते कुठल्या साहेबाच्या सहीसाठी नाही, वाचक मित्रहो, तुमच्यासाठी आहे.

आधी एक कबुली देऊन टाकतो. त्या दिवशी मी गोव्यात नव्हतोच. मी चिकोडीला अडकलो होतो.

माझी सासुरवाडी चिकोडीची. बेळगाव जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. एका अंगाला निपाणी, दुसऱ्या अंगाला कृष्णाकाठ. घरात मराठी, शेजारणीशी कानडी, बाजारात दोन्हींची मिसळ, आणि वाद घालताना जी आधी तोंडात येईल ती. मार्च २०२० मध्ये सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी बायको-मुलीला घेऊन गेलो. चार दिवसांची रजा होती. मग जनता कर्फ्यू आला, त्यापाठोपाठ २४ मार्चची रात्र आली, आणि त्या चार दिवसांचे सहा आठवडे झाले. जावईबापू म्हणून दोन दिवस गोडधोड झाले. तिसऱ्या आठवड्यात मी सासूबाईंच्या हाताखाली लसूण सोलत होतो.

१ मे रोजी संरक्षणदलप्रमुख जनरल बिपिन रावत आणि तिन्ही दलांचे प्रमुख दूरदर्शनवर आले. त्यांनी जाहीर केले की ३ तारखेला सेनादले कोरोना योद्ध्यांना मानवंदना देणार. श्रीनगरहून तिरुअनंतपुरमपर्यंत आणि दिब्रुगडहून कच्छपर्यंत विमाने उडणार, हेलिकॉप्टरे रुग्णालयांवर फुले उधळणार, समुद्रात युद्धनौका दिव्यांनी उजळणार, लष्कराची बँडपथके रुग्णालयांच्या दारात वाजवणार. झाले, चिकोडीत बातमी फुटली की मुंबईहून निघालेली विमाने गोव्याकडे जाताना आपल्याच डोक्यावरून जाणार! कोणी म्हणे सांबऱ्याच्या विमानतळावरून उडणार. हे कुठे छापून आले होते, कोणी सांगितले होते, विचारायची सोय नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते, तेवढे पुरे.

रविवारी सकाळी साडेनऊपासून सगळी आळी गच्च्यांवर. (तिकडे त्याला 'स्लॅब' म्हणतात.) आमच्या स्लॅबवर तीस-पस्तीस माणसे असतील. म्हाताऱ्यांना खुर्च्या, बायकांच्या डोक्यावर पदर, पोरांच्या हातांत कागदी झेंडे. कोणीतरी ताकाची कळशी आणली. मुखपट्टी म्हणाल तर गळ्यात. आदल्याच दिवशी कोथिंबिरीची जुडी घ्यायला बाहेर पडलेल्या एका माणसाच्या पोटऱ्यांवर ज्या पोलिसाने काठी चालवली होती, तोही खाली रस्त्यावर उभा राहून मान वर करून बघत होता. दीड महिन्यात पहिल्यांदाच आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि कोणाच्याच मनात त्याची भीती नव्हती. एकदा एक पोरगा ओरडला, "बंतु, बंतु नोड्री!" म्हणजे आले, आले, बघा! सगळे उठून उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. घार होती.

साडेअकरापर्यंत आम्ही त्या पांढऱ्या, तापलेल्या, रिकाम्या आकाशाकडे बघत राहिलो. आमच्या वाट्याला एकही विमान आले नाही. शेवटी कोणाच्या तरी मोबाईलवर दिल्लीचे दृश्य लागले. राजपथावरून सुखोई, मिग-२९, जग्वार रांगेत गेली. पंधरा माणसे त्या चार बोटांच्या पडद्यावर ओणवी झाली आणि पुन्हा टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या. अंगावर काटा आला होता हेही खरे. नाही म्हणणार नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते 'मला काहीच वाटले नाही' अशा कोरड्या माणसाचे नाही.

माझ्या शेजारी मेव्हणीचा मुलगा उभा होता, सात वर्षांचा. त्याने विचारले, "काका, काय टाकत्यात त्यातनं? बिस्किटं?"

"नाही रे, फुलं."

"फुलं कशाला?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले नाही. आज, इतक्या वर्षांनी, ते देण्याचा प्रयत्न करतो आहे.

त्या पोराला बिस्किटे का आठवली हे सांगायला हवे. आदल्या वर्षीची गोष्ट. ५ ऑगस्ट २०१९ ला नागपंचमी होती. बायकोला माहेरी सोडायला गेलो आणि असाच अडकलो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा तिन्ही एकदम चढल्या. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले, रस्ता काही दिवस बंद पडला, ट्रकांच्या रांगा लागल्या. कल्लोळ-येडूरचा पूल तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. त्या वर्षी पुलाचे सोडा, काठच्या गावांतली घरेच गेली. मेव्हणी दिलेली आहे कृष्णाकाठच्या एका खेड्यात. ती, तिची सासू, नवरा, दोन पोरे शाळेच्या स्लॅबवर दोन रात्री बसून होती. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आले. त्यातून पाकिटे पडली. दुपारी लष्कराच्या जवानांची बोट आली आणि सासूला पाठुंगळी घेऊन एका पोऱ्याने बोटीत ठेवले. ती म्हातारी अजून त्या पोऱ्याची आठवण काढते. त्याचे नाव तिला माहीत नाही. देवाच्या आरतीनंतर एकदा हात जोडते, तो त्याच्यासाठी.

म्हणजे ह्या लोकांना सेना काय असते हे शिकवायला जाऊ नये. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. ह्या टापूत घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी निघतो. तेव्हा 'विमानांच्या मानवंदनेवर बोलतोस म्हणजे तू सेनेचा शत्रू' हा आरोप मी आधीच फेटाळून लावतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जे हेलिकॉप्टर आले ते कामाला आले होते. मे २०२० मधले हेलिकॉप्टर दिसायला आले होते. दोन्ही चालवणारे वैमानिक एकाच गुणाचे, एकाच शिस्तीचे. त्यांना जे सांगितले ते त्यांनी चोख केले. माझा प्रश्न सांगणाऱ्यांना आहे, आणि त्याहून जास्त आपल्याला, बघणाऱ्यांना आहे.

त्या दिवशी दुपारी मी मेव्हणीला फोन केला. ती गावात 'आशा' आहे. आपल्या गोव्यात आशा ही योजनाच नाही, त्यामुळे माझ्या बऱ्याच वाचकांना हा शब्द फक्त बातम्यांतून माहीत असेल. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ती सुरू झाली. साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई. गरोदर बायकांना दवाखान्यात नेणे, बाळांचे लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, आणि २०२० मध्ये ह्या सगळ्याच्या डोक्यावर कोरोनाचे सर्वेक्षण. बाहेरगावाहून कोण आले, ताप कोणाला, खोकला कोणाला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा हिरेबागेवाडी आणि कुडची ह्या गावांची नावे घेतली तरी लोक दारे लावून घेत होते. मेव्हणीने पोराला आजीकडे चिकोडीला ठेवले होते ते त्याच भीतीने. तिला संरक्षण म्हणून मिळाले होते कापडाचे एक मास्क आणि सॅनिटायझरची एक बाटली. बाटली संपली होती. कोणाच्या घरी मुंबई-पुण्याहून माणूस आला हे ती वहीत लिहिते म्हणून गावातले दोघे तिच्याशी बोलेनासे झाले होते.

मी म्हटले, "अगं, टीव्ही लाव. तुमच्यावर फुलं टाकताहेत."

ती म्हणाली, "दाजी, टीव्ही बघाय कुणाला येळ हाय? आज सत्तर घरं करायचीत."

आणि फोन ठेवला.

आता अभिप्राय.

माझे पहिले म्हणणे असे की मानवंदना ही हुंडी असते. रोकड नव्हे. 'तुमचे आमच्यावर ऋण आहे' असे चारचौघांत लिहून देणे म्हणजे मानवंदना. त्यात वाईट काही नाही. पण हुंडी वटवायची असते. ती वटवण्याच्या दिवशी पेढी बंद असेल तर त्या कागदाला काय म्हणायचे ते व्यापाऱ्याच्या पोराला विचारा. फुलांनंतर बरोबर सव्वादोन महिन्यांनी, १० जुलै २०२० रोजी, कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशा कामावरून बाजूला झाल्या. मागणी दरमहा १२ हजार रुपये निश्चित मानधनाची, आणि धड संरक्षक साधनांची. १२ हजार! सरकारी कचेरीतल्या शिपायाचाही पगार ह्याहून जास्त असतो. पुढच्या वर्षी, १५ जून २०२१ पासून, महाराष्ट्रातल्या आशांनाही तेच करावे लागले. आणि ह्या बायका संपावर गेल्या तेव्हा लोक काय म्हणाले? "महासाथीत संप? ह्यांना लाज नाही वाटत? ह्यांच्यासाठीच ना आम्ही टाळ्या वाजवल्या?" पाहिलेत? टाळी वाजवणारा धनको झाला आणि जिला टाळी मिळाली ती ऋणको! असा उलटा हिशेब मी कुठल्याच खातेवहीत पाहिलेला नाही.

दुसरे म्हणणे 'योद्धा' ह्या शब्दाविषयी. हा शब्द तेव्हा इतका स्वस्त झाला की तो कोणालाच खटकला नाही. मला मात्र कारकुनी सवयीने प्रश्न पडला, योद्धा म्हणजे कोणत्या आस्थापनेवर? सैनिकाला क्रमांक असतो, हुद्दा असतो, शिधा असतो, गणवेश असतो, निवृत्तिवेतन असते, कँटीनचे कार्ड असते. तो पडला तर कुठे, कधी, कसा पडला ह्याची नोंद होते आणि त्याच्या घरी अधिकारी जातो. आशा तर कर्मचारीसुद्धा नाही. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका', तिला पगार नाही, 'मानधन'. नाव योद्ध्याचे द्यायचे आणि हक्क स्वयंसेवकाचे! ह्यात आणखी एक मेख आहे. कामगार कामावर मेला तर चौकशी होते. हातमोजे होते का, कोणी दिले नाहीत, का दिले नाहीत? योद्धा मेला तर त्याला वीरमरण येते, आणि वीरमरणाची चौकशी कोण करणार? एका शब्दाने केवढी जबाबदारी झटकता येते बघा.

कोणी म्हणेल, सरकारने २६ मार्च २०२० लाच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला होता, त्यात आशाही होत्या. होय, केला होता. ते चांगले केले, आणि माझ्या मते तीच खरी मानवंदना. पण किती जणांना ती तारीख आठवते? ३ मे सगळ्यांना आठवते, २६ मार्च कोणालाच नाही. कारण विम्याची चित्रफीत निघत नाही.

आणि आता माझ्या टिपणातला मुख्य मुद्दा. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले गेले की कोरोनाने किती डॉक्टर, परिचारिका, आशा दगावल्या? केंद्राचे उत्तर होते की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, अशी माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही. मग १६ सप्टेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने स्वतःच यादी काढली. ३८२ डॉक्टर. सर्वांत लहान २७ वर्षांचा, सर्वांत ज्येष्ठ ८५ वर्षांचा. ही तर नुसती डॉक्टरांची यादी, कारण त्यांची संघटना आहे. खेड्यातल्या आयांची, सफाई कामगारांची, रुग्णवाहिका चालवणाऱ्यांची यादी कोण काढणार?

मित्रहो, मी आयुष्यभर नोंदवह्यांत वाढलो. आमच्या कचेरीत मोडकी खुर्ची निकालात काढायची तरी तिचा नंबर, खरेदीचे वर्ष आणि तीन सह्या लागतात. दिब्रुगडहून कच्छपर्यंत विमान कोणत्या मिनिटाला कुठे असेल ह्याचा तक्ता ज्या राज्यव्यवस्थेला दोन दिवसांत करता येतो, तिला ज्यांच्यासाठी ते विमान उडवले त्यांतले किती मेले ह्याची एक वही ठेवता येत नाही? ठेवता येते. मागणारा कोणी नव्हता. आपण वर बघत होतो.

आता समोरच्या बाजूचे जे मुद्दे माझ्या कानांवर येतात त्यांना उत्तरे देतो.

"सगळ्या जगाने केले." केले. अमेरिकेत २८ एप्रिल २०२० ला नौदल आणि हवाई दलाच्या दोन नामांकित कसरती पथकांनी न्यूयॉर्कवरून विमाने नेली, आणि ती बघायला लोकांनी अंतराचे नियम धाब्यावर बसवून गर्दी केली. इटलीत २५ मेला तिरंगी धूर सोडत विमाने तुरीनवरून गेली, तिथेही तोच प्रकार. म्हणजे हा आजार आपल्या एकट्याचा नाही एवढेच सिद्ध झाले. शेजाऱ्यालाही खरूज आहे म्हणून आपली खाज थांबत नाही.

"खर्च फारसा नव्हता." खर्चाचा मुद्दा माझा नाहीच. वैमानिकांना सरावासाठी उडावेच लागते, हे दाबोळीच्या आवाजात वाढलेल्या वास्कोच्या माणसाला मी सांगायला नको. खर्च पैशांचा नव्हता, लक्षाचा होता. त्या रविवारी सगळ्या देशाची नजर वर होती. पाचच दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडे ते पायी निघाले होते. रुळांत पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. ३ मेला हेच आणि ह्यांच्यासारखे लाखो लोक रस्त्यांवर होते, अगदी आमच्या निपाणीच्या महामार्गावरही. ते विमानांतून दिसत असतील की नाही कोण जाणे. गच्चीवरून दिसत नव्हते.

"लोकांचे मनोधैर्य वाढले." हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण माझेच वाढले होते. दीड महिना घरात कोंडलेल्या माणसाला काहीतरी एकत्र करावेसे वाटते. त्यात लाज नाही. २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, ५ एप्रिलला नऊ मिनिटे दिवे लावले, ३ मेला आकाशाकडे पाहिले. पण ह्या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे, ती बघा. तिन्ही वेळा आपल्याला प्रेक्षक व्हायला सांगितले होते आणि आपण झालो. त्याच गच्चीवरच्या पस्तीस जणांना कोणी सांगितले असते, "तुमच्या गावच्या आशाबाईला आज सत्तर घरे आहेत, दोघे जण तिच्याबरोबर वही धरायला जा", तर गेले असते की! पुरात हेच लोक होडीत बसून शेजारच्या गावात भाकऱ्या पोचवत होते. लोकांत उमेद होती. आपण ती टाळीत घालवली.

आता थोडे आपल्या घरचे, गोव्याचे. रागावू नका.

१९ एप्रिल २०२० ला आपले सातही रुग्ण बरे झाले, १ मेला आपण हरित क्षेत्र झालो. ३ मेला गोमेकॉवर फुले पडली, दाबोळीच्या धावपट्टीवर नौदलाच्या जवानांनी मानवी साखळी केली, तेव्हा गोव्यात रुग्ण शून्य. त्या शून्याचा आपल्याला केवढा अभिमान! चिकोडीत बसून मी आपल्याच लोकांचे संदेश वाचत होतो. "घाट्यांना आत घेऊ नका", "सीमा बंदच ठेवा". ज्या बेळगावच्या भाजीचे ट्रक मार्चअखेरीस चार दिवस आले नाहीत तर आपल्या तोंडचे पाणी पळाले होते, त्याच बेळगावचा माणूस आपल्याला नको होता. घाटावरची तरकारी हवी, दूध हवे, घाटावरची माणसे नकोत! माझी बायको हे संदेश वाचत होती. ती काही बोलली नाही. मी आपला लसूण सोलत राहिलो. महिन्याच्या मध्यावर परवाना मिळवून राज्याच्या सीमेवर आलो तेव्हा ऊन्हात पाच तास उभे केले. 'कुठून आलात?' ह्या प्रश्नाला 'चिकोडी' म्हटल्यावर समोरच्या माणसाने खुर्ची मागे सरकवली. तो माझ्यासारखाच कारकून होता, त्याला दोष देत नाही. त्याच्या अंगावरही फुले पडलेली नव्हती.

आणि मग एक वर्ष गेले. ११ मे २०२१. त्या दिवशी आरोग्यमंत्री विश्वजित राणे ह्यांनीच सांगितले की पहाटे दोन ते सहा ह्या वेळात गोमेकॉत २६ रुग्ण दगावले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिथे शासनाच्या वतीने सांगण्यात आले की प्राणवायूच्या सिलिंडरांच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हलवताना आणि त्या नळजोडणीला जोडताना अडचणी येतात, त्यामुळे पुरवठ्याचा दाब पडतो. ट्रॅक्टर! वर्षभरापूर्वी ज्या इमारतीच्या छतावर हेलिकॉप्टर मोजून-मापून पाकळ्या सोडत होते, त्याच इमारतीच्या आवारात ट्रॅक्टर वेळेवर जोडला गेला नाही म्हणून माणसे श्वासाला मोताद झाली. त्या रात्री आत ज्या परिचारिका होत्या, खाटेखाटेवर धावत होत्या, त्यांना फुले हवी होती की ट्रॅक्टर हाकणारा एक जादा माणूस? त्याच वर्षी २० जुलैला राज्यसभेत सांगितले गेले की प्राणवायूच्या अभावाने मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी खास अशी कळवलेली नाही. पुन्हा तेच. नोंद नाही.

म्हणून माझ्या स्नेह्याला मी विचारले, फुलांचे पुढे काय झाले. हा प्रश्न कुत्सितपणे विचारला नव्हता. खरेच जाणून घ्यायचे होते.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. पुन्हा टाळ्या. जानेवारी २०२५ मध्ये ह्याच आशा थंडीत बंगळुरूला रस्त्यावर बसल्या होत्या, ह्या वेळी मागणी १५ हजारांची होती. मुख्यमंत्र्यांनी किमान १० हजारांचे आश्वासन दिले तेव्हा त्या उठल्या. २०२० मध्ये ज्या १२ हजारांसाठी त्यांनी काम थांबवले होते, त्याहूनही हा आकडा कमी, तोही पाच वर्षांनी, आणि तोही आश्वासनाच्या रूपात! हुंडीवर हुंडी. मेव्हणी बंगळुरूला गेली नव्हती, तिच्या भागातल्या दोघी गेल्या होत्या. तिने त्यांच्या प्रवासाला शंभर रुपये वर्गणी दिली होती.

गेल्या दिवाळीत चिकोडीला गेलो तेव्हा ती आली होती. बोलता बोलता तिने पिशवीतून जुन्या वह्या काढल्या. सर्वेक्षणाच्या. वरिष्ठांनी परत मागितल्याच नाहीत, म्हणून तिच्याकडेच राहिल्या. मी म्हटले, ३ मे २०२० चे पान काढ. तिने काढले. कानडीत लिहिलेले, मला वाचता येईना, तिने वाचून दाखवले. घरे ७०. माणसे ३४८. बाहेरगावाहून आलेले ४. ताप २. गरोदर ३, पैकी एकीला नववा महिना, तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचे. दोन घरांनी दार उघडले नाही. खाली तिची सही आणि वेळ, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

त्या दिवसाची मी पाहिलेली सर्वांत पक्की नोंद हीच. तिच्या परवानगीने त्या पानाचा फोटो काढून घेतला आहे. पुढच्या ३ मेला स्नेह्याची चित्रफीत आली की उत्तर म्हणून तो पाठवणार आहे. कानडी त्यालाही येत नाही. विचारील, हे काय आहे म्हणून. मग सांगेन.